हलकी ट्राम : कॉव्हेंट्रीतील रस्ता-चाचणी

रहदारीच्या रस्त्यात उथळ पाया घालून त्यावरील रुळांवरून कमी वजनाची, बॅटरीवरची ट्राम चालवून पाहण्याचा प्रयोग. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात २०२५ च्या मे-जून महिन्यांत तो झाला. १४ नोव्हेंबर १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात या शहरातील ट्रामचे रूळ उखडले गेले आणि ट्रामसेवा पुन्हा सुरू झालीच नाही. त्यानंतर ग्रेफ्रायर्स रोड ते क्वीन व्हिक्टोरिया रोड या २२० मीटरच्या टप्प्यात प्रवासी पुन्हा ट्राममध्ये बसले.

या प्रयोगाचे मर्म डब्यापेक्षा रस्त्याच्या पोटात आहे. शहरात ट्राम महाग पडते त्याचे एक मोठे कारण म्हणजे खोदकाम. नेहमीच्या जड ट्रामच्या रुळांना खोल पाया लागतो आणि त्या खोलीवर पाण्याचे नळ, गॅसवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, केबल असे सगळे असते. ते आधी हलवावे लागते. जुन्या शहरात कोणती वाहिनी कुठून गेली आहे याचे नकाशेही भरवशाचे नसतात. एडिंबरोमध्ये २०१४ साली सुरू झालेला १४ किमी.चा मार्ग ७७.६ कोटी पौंडांवर गेला; वाहिन्या हलवण्याचे रेंगाळलेले काम हे त्यामागचे एक कारण होते.

कॉव्हेंट्रीची महापालिका आणि वॉरिक विद्यापीठ यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. अतिउच्च क्षमतेच्या काँक्रीटचे तयार स्लॅब वापरून त्यांनी रूळमार्ग रस्त्याच्या वरच्या सुमारे ३० सेंमी. जाडीत बसवला. बहुतेक वाहिन्या त्याच्या खाली राहतात, त्यांना हात लावावा लागत नाही. काम झाल्यावर रस्त्याच्या पातळीत दोन पोलादी खोबणी तेवढ्या दिसतात. मोटारी व सायकली वरून जाऊ शकतात. किलोमीटरला १ कोटी पौंड हे खर्चाचे उद्दिष्ट आहे. नेहमीच्या ट्राममार्गाला याच्या कित्येक पट खर्च येतो.

पाया उथळ ठेवायचा तर गाडी हलकी हवी. इथला डबा सुमारे ११ मी. लांब आणि ११ टन वजनाचा असून त्यात पन्नासेक माणसे मावतात. बॅटरीमुळे रस्त्यावर विजेच्या तारा व खांब लागत नाहीत. बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, वळणानुसार फिरत असल्याने १५ मी. त्रिज्येचे वळणही तो घेतो. अरुंद गल्ल्यांच्या शहरात हा गुण फार मोलाचा, कारण वळणासाठी कोपऱ्यावरची इमारत पाडावी लागत नाही. रस्त्यावर येण्यापूर्वी डड्ली येथील चाचणीमार्गावर ही गाडी चालवून पाहिली होती.

इतक्या आखूड मार्गावरून स्लॅब भराभर बसतो का, गाडी सुरळीत चालते का, हे कळते. गर्दीच्या वेळी इतके लहान डबे पुरतील का, त्यासाठी ते किती मिनिटांनी सोडावे लागतील आणि अवजड वाहनांखाली स्लॅब वर्षानुवर्षे टिकेल का, हे मात्र रोजच्या वापरातल्या लांब मार्गावरच कळेल.