दहा वर्षांत शंभराचे सत्तावन्न : अणुकरारातला नासणारा माल

दोन मित्रदेशांत अणुसंरक्षणाचा करार झाल्याची बातमी आली की गावाच्या पारावर हमखास ऐकू येतं, ‘एकदा बॉम्ब दिला, विषय संपला.’ काही जण त्यात भारत-अमेरिकेचा २००८चा अणुकरारही ओढतात. तो वीजनिर्मितीसाठीचा नागरी करार आहे. लष्करी करार बघायचा तर अमेरिका-ब्रिटनचा बघावा. तो ३ जुलै १९५८ रोजी झाला आणि आजही लागू आहे. त्यात विषय का संपत नाही, हे ट्रिटियम सांगतो.

ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच एक जड प्रकार. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकच प्रोटॉन असतो, याच्यात त्याच्या जोडीला दोन न्यूट्रॉन. हे केंद्रक टिकाऊ नाही. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि मागे हेलियम-३ उरतो. आधुनिक अण्वस्त्रांत स्फोटाची ताकद वाढवायला हा वायू थोडासा लागतो.

भाव चढेल म्हणून सीतादहीचा, म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस घरात भरून ठेवतात आणि मार्चमध्ये काट्यावर घातला की वजन कमी भरतं, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. ती घट ओलाव्याची. कापूस सुकला की ती थांबते, आणि उरतो तो कापूसच. ट्रिटियमची घट थांबतच नाही. असेल त्यातला साधारण साडेपाच टक्के दरवर्षी जातो. १०० ग्रॅमचे दहा वर्षांनी ५७, बारा वर्षं चार महिन्यांनी ५०, तेवढ्याच काळाने पुन्हा २५. थंड ठेवा, दाबून भरा, वेग तोच. वर त्यातून तयार होणारा हेलियम-३ न्यूट्रॉन गिळतो. म्हणजे माल नुसता कमी होत नाही, त्यात खोटही मिसळत जाते. म्हणून या वायूच्या टाक्या ठरावीक वर्षांनी बदलाव्याच लागतात.

निसर्गात तो नगण्य, त्यामुळे बनवावा लागतो. लिथियम-६वर न्यूट्रॉन आदळला की त्याचे हेलियम आणि ट्रिटियम होतात. अमेरिकेत टेनेसीतल्या वॉट्स बार वीजकेंद्राच्या अणुभट्टीत २००३पासून लिथियमच्या कांड्या ठेवतात. साधारण दीड वर्षाने त्या काढून दुसरीकडे नेतात आणि तापवून वायू वेगळा करतात. अडचण अशी की हायड्रोजनचा अणू सर्वांत लहान, तापलेल्या पोलादातूनही तो झिरपतो. या कांड्यांतून तो अंदाजापेक्षा जास्त झिरपला, तेव्हा सुरुवातीला कांड्या मोजक्याच ठेवाव्या लागल्या.

आता १९५८च्या करारातली अदलाबदल बघा. १९६० ते १९७९ या काळात ब्रिटनने अमेरिकेला सुमारे ५.४ टन प्लुटोनियम दिलं आणि बदल्यात ६.७ किलो ट्रिटियम व ७.५ टन समृद्ध युरेनियम घेतलं. दिलेल्या प्लुटोनियम-२३९चा अर्धा साठा संपायला २४ हजार वर्षं लागतात. घेतलेला ट्रिटियम सगळाच्या सगळा १९७९ला आला असं धरलं आणि एक ग्रॅमही वापरला नाही, तरी आज जेमतेम अर्धा किलो उरेल.

   

घेतलेला वायू असा विरत असल्यामुळे ब्रिटनने १९८०पासून स्कॉटलंडमधल्या चॅपेलक्रॉसच्या अणुभट्ट्यांत स्वतःचा ट्रिटियम बनवायला घेतला. त्या २००४मध्ये बंद झाल्या. अमेरिकेच्याही जुन्या भट्ट्या १९८८मध्ये थांबल्या होत्या. वॉट्स बार सुरू होईपर्यंतची पंधरा वर्षं तिथे नवा ट्रिटियम बनलाच नाही. मोडीत काढलेल्या अण्वस्त्रांतला वायू काढायचा, त्यातला हेलियम वेगळा करायचा आणि उरलेला पुन्हा टाक्यांत भरायचा, यावरच काम चालवलं.