संकासूर दिसला म्हणजे दशावतार नव्हे

शिमग्यात गुहागर-संगमेश्वरकडचा काळा संकासूर नाचताना दिसला की त्या फोटोखाली 'कोकणचा दशावतार' लिहून मोकळं व्हायचं, हे आता पुरे. ते नमन-खेळे आहेत, म्हणजे शिमग्यात अंगणात नाचणाऱ्या गावच्या खेळ्यांची लोककला, आणि संकासूर हे त्यातलं एक सोंग.

दशावतार तुम्हाला माहीत असतोच. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या पेडण्याकडचा, कार्तिकापासून पुढे जत्रांतून रात्रभर रंगणारा नाटकाचा प्रकार. पायपेटी, मृदंग, झांज, बसायला एक बाकडं, स्त्रीपार्टीही पुरुषच, संवाद उभ्या उभ्या रचलेले, पहाटे दहीकाला. नाव दशावतार असलं तरी दहाच्या दहा अवतार त्यात येत नाहीत, त्यांची वाट बघत बसू नका.

खरा घोटाळा संकासुराचा. दोन्हीकडे अंगभर काळं, तोंड झाकलेलं, लाल जीभ बाहेर. पण दशावतारातला संकासूर आडदशावतारातला, म्हणजे मुख्य कथेआधीच्या पूर्वरंगातला. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन गेले की तो येतो. वेद चोरणारा हा असुर अस्सल मालवणीत भटजीची टर उडवतो आणि जमलं तर गावच्या मानकऱ्यांनाही चिमटे काढतो. शेवटी विष्णू त्याला मारतो आणि त्याचं काम संपतं, पुढच्या आख्यानात, म्हणजे मुख्य कथेत, तो नाही. ही भूमिका सगळी बोलण्यावर उभी आहे. हजरजबाबी नट नसेल तर पूर्वरंग आडवा होतो आणि लोक चहाच्या टपरीकडे वळतात.

खेळ्यांतल्या संकासुराला कुणी मारत नाही. डोक्यावर निमुळती उंच टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात काठी. इथे वजन बोलण्याला नाही, नाचाला आहे. पट्टा सैल बांधला की घुंगरं मृदंगाच्या मागे पडतात आणि सोंगच पडतं. हा अंगणात आला की बायामाणसं पाया पडतात, नवस बोलतात, तान्हं मूल त्याच्या हातात देतात. अशा संकासुराला निवेदकाने माइकवरून 'खलनायक' म्हटलं की कानात बोटं घालावीशी वाटतात. तिकडे तो वधाचा असुर, इकडे गावाचा देवमाणूस. चेहरा सारखा असला तरी मान वेगळा, आणि नेमकं हेच कॅप्शन लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

बाकी ओळखायला सोपं आहे. घेरदार झगा आणि पगडी घातलेले खेळे रांगेत नाचताना दिसले, आधी नमन मग गण, मावशी-पेंद्यासह गवळण आणि शेवटी वग असा क्रम असला, तर ते नमन. मंडळी बहुधा गावातली, वाडीतली, दशावतारासारखी फिरती कंपनी नव्हे. मुंबईच्या नाट्यगृहात लाइट लावून होतं ते 'बहुरंगी नमन' बघायला झकास, पण अंगणातल्या खेळ्यांची सर त्याला नाही.

आणि जाखडी यात मुळीच घुसडू नका. गोल धरून नाचायची, शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या सवाल-जवाबांची ती कला गौरी-गणपतीतली.