ध्वनिमुद्रण-संगणकाची सफाई व जुळणी

ध्वनिमुद्रणाच्या संगणकातून आवाज अखंड आणि कमीत कमी विलंबाने यावा-जावा, यासाठी त्याची कार्यप्रणाली, ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम), डिस्क आणि खुद्द यंत्र यांत केलेली साफसफाई व फेरबदल. तक्रार ‘मशीन स्लो झालंय’ अशी येत असली, तरी येथे प्रश्न वेगापेक्षा वक्तशीरपणाचा असतो. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) आणि बफर (एका हप्त्यात हाताळल्या जाणाऱ्या नमुन्यांचा साठा) १२८ सॅम्पलचा असेल, तर प्रत्येक हप्ता २.६७ मिलिसेकंदांच्या आत तयार व्हावा लागतो. हजार हप्ते वेळेत देऊन एकच चुकला, तरी ‘चट्’ असा आवाज येतो आणि तो टेकमध्येही (चालू मुद्रणात) उतरू शकतो. म्हणून प्रोसेसरचा मीटर जेमतेम ३० टक्के दाखवत असतानाही यंत्र चटचटते.

बफर ६४ सॅम्पलचा केल्यास हा अवधी १.३३, तर १०२४ चा केल्यास २१.३ मिलिसेकंद होतो. येण्याजाण्याचा एकूण विलंब याच्या दुप्पट, शिवाय कन्व्हर्टर (ध्वनीचे आकड्यांत व आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करणारा भाग) व ड्रायव्हर यांचे काही मिलिसेकंद वेगळे. तुलनेसाठी, मैफलीत गायकापासून दीड मीटरवर बसलेल्या तबलावादकालाही सूर सुमारे ४.४ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो. विलंब शून्यावर आणण्याचा अट्टहास त्यामुळे अनाठायी आहे. रेकॉर्डिंगला लहान बफर, मिक्सिंगला मोठा, हा रूढ प्रघात आहे. मास्टर ट्रॅकवर (सर्व ट्रॅक जेथे एकत्र येतात तेथे) लुक-अहेड लिमिटर किंवा लिनिअर फेज ईक्यू यांसारखी, पुढचा आवाज आधी पाहण्यासाठी स्वतःच विलंब घालणारी प्रक्रिया चालू राहिली असेल, तर बफर कितीही कमी केला तरी गायकाला स्वतःचा आवाज मागूनच येतो. अशा वेळी संगणकाला दोष देण्यात अर्थ नसतो.

विंडोजवरील जुळणीची परंपरा साधारणतः १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली दिसते. त्या काळातील विंडोजचा अंतर्गत मिक्सर एकटाच सुमारे ३० मिलिसेकंदांची भर घाली. त्याला वळसा घालणारी स्टाइनबर्गची एएसआयओ ही ड्रायव्हर-पद्धती सर्वसाधारणपणे १९९७ ची मानतात.

त्या परंपरेतील सर्वाधिक वादाचा सल्ला म्हणजे परफॉर्मन्स ऑप्शन्समधील ‘प्रोग्रॅम्स’ऐवजी ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’ निवडणे. ऑडिओ इंटरफेस (माइक व स्पीकर संगणकाला जोडणारे उपकरण) बनवणाऱ्यांच्या अनेक मार्गदर्शिकांत तो आजही आढळतो. या निवडीने थ्रेडला (प्रोग्रॅममधील स्वतंत्रपणे चालणाऱ्या एका कामाला) प्रोसेसरवर सलग मिळणारा कालांश बदलतो. घरगुती विंडोजमध्ये तो मुळात २ टिकांचा (टिक म्हणजे कार्यप्रणालीच्या घड्याळाचा एक ठोका) असून समोरच्या खिडकीतील प्रोग्रॅमला ६ टिका मिळतात. सेटिंग बदलल्यावर सर्वांना सारख्याच १२ टिका मिळतात. बहुतेक यंत्रांवर एक टिक सुमारे १५.६ मिलिसेकंदांची धरली, तर हा अवधी १८७ मिलिसेकंदांच्या आसपास जातो. एका मतानुसार ऑडिओ ड्रायव्हर हा पार्श्वभूमीवर चालणारा घटक असल्याने समोरच्या प्रोग्रॅमची मिरासदारी मोडल्यावर त्याला न्याय मिळतो. दुसऱ्या मतानुसार कालांशाचा प्रश्न समान अग्रक्रमाच्या थ्रेडांपुरताच असतो; वरच्या अग्रक्रमाचा थ्रेड खालच्याला तत्काळ बाजूला सारतो, आणि व्हिस्टापासून (२००७) ऑडिओ थ्रेडना असा अग्रक्रम देणारी स्वतंत्र सेवा विंडोजमध्येच आहे. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. सेटिंग बदलल्याने सहसा बिघडत काही नाही, एवढाच पहिल्याचा आधार.

चटचटीचे खरे मूळ बहुधा ड्रायव्हरांत सापडते. वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड, बॅटरी यांचे ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसर अडवून धरतात आणि तेवढ्यात ऑडिओचा हप्ता हुकतो. असे काम १०० मायक्रोसेकंदांहून लांबू नये, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे; सदोष ड्रायव्हर कित्येकदा १,००० च्या पुढे जातो. तपासणीसाठी लेटन्सीमॉन ही उपयुक्तिका किमान दहा मिनिटे चालू ठेवून ‘ड्रायव्हर्स’ या पानावर सर्वाधिक वेळ घेणाऱ्याचे नाव पाहावे. नेटवर्कचा ड्रायव्हर वर आला, तर डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय डिसेबल करून पुन्हा मोजावे. एसीपीआय (वीज-व्यवस्थापनाचा ड्रायव्हर) वर आला, तर लॅपटॉप चार्जरवर ठेवून बॅटरीची नोंद तात्पुरती डिसेबल करून पाहावी. एका वेळी एकच उपकरण बंद करावे, नाहीतर गुन्हेगार कोण ते कळत नाही. याच कामाची जुनी उपयुक्तिका डीपीसी लेटन्सी चेकर विंडोज ८ व पुढील आवृत्त्यांवर ठणठणीत यंत्रालाही १,००० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा आकडा दाखवते, तिच्यावर विसंबू नये.

पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ ठेवणे आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करणे हे दोन बदल निर्विवाद आहेत. दुसरा न केल्यास काही यंत्रांवर इंटरफेस मध्येच झोपी जातो. इंटरफेस हबऐवजी थेट पोर्टला जोडावा.

डिस्कच्या सफाईला लोकमानसात अवास्तव महत्त्व आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ मोनो ट्रॅकला सेकंदाला १४४ किलोबाइट लागतात. असे २४ ट्रॅक मिळूनही साडेतीन मेगाबाइटच्या आत राहतात. टेम्पररी फायली काढल्याने जागा मिळते, चटचट जात नाही. रजिस्ट्री (विंडोजमधील सेटिंगांची नोंदवही) साफ करणाऱ्या क्लीनरने तर काहीच साधत नाही, उलट प्लगइनच्या (ध्वनी-प्रोग्रॅमला जोडलेल्या उपप्रोग्रॅमांच्या) नोंदी उडण्याचा धोका असतो. फिरत्या डिस्कवर अनेक ट्रॅक एकदम वाचताना हेडची धावपळ हीच अडचण असते. तेथे डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे) उपयोगी, एसएसडीवर नाही, तिला ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याची सूचना) पुरते. याहून फरक पडतो तो प्रोजेक्टचे फोल्डर क्लाउड-सिंकच्या बाहेर ठेवल्याने. ‘डॉक्युमेंट्स’ सिंक होत असेल, तर टेक चालू असतानाच ती फाइल वर चढू लागते. अँटिव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये प्रोजेक्ट व सॅम्पल लायब्ररीची फोल्डरे घालावीत. वापरात नसलेल्या ऑडिओ फायली प्रोजेक्टमधून पुसण्याआधी पूर्ण प्रत काढावी. एकच फाइल दोन प्रोजेक्टांत वापरलेली असते, हे पुसल्यावर लक्षात येते.

शब्दशः सफाईही टाळता येत नाही. लॅपटॉपचा पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्या यांच्या मध्ये धुळीचा नमदा बसतो. तो बाहेरून दिसत नाही, पंखा सोडवल्यावर अखंड पापुद्र्यासारखा निघतो. हवा कोंडली की तापमान अनेक प्रोसेसरांत ९५ ते १०० अंश सेल्सिअसला भिडते, प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि पहिली वीस मिनिटे सुरळीत चाललेले सत्र नंतर अडखळू लागते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते भरधाव फिरले तर बेअरिंगला इजा होते. हीटसिंक उघडल्यास थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागते.

मॅकवर कोअर ऑडिओ ही ध्वनी-यंत्रणा मूळ प्रणालीतच असल्याने जुळणी थोडकी असते : रेकॉर्डिंगची डिस्क स्पॉटलाइट या शोधसुविधेतून वगळणे, टाइम मशीन हा बॅकअप थांबवणे. लिनक्सवर वापरकर्त्याला रिअल-टाइम अग्रक्रमाची परवानगी द्यावी लागते. आणखी काटेकोर वक्तशीरपणासाठी पूर्वी वेगळा पॅच (दुरुस्ती) लावलेला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, घेत. ती सोय २०२४ मधील ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आली असली, तरी कर्नल बांधताना तिचा पर्याय निवडावा लागतो.