भरपाईचा पिक : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या निष्ठेच्या वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबरअखेर ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा अंतिम सामना संपला की ऑक्टोबरात ट्रेडचे, म्हणजे क्लबांमधल्या अदलाबदलीचे, दिवस येतात आणि मेलबर्नमध्ये एकच सूर लागतो : हल्लीच्या खेळाडूंना निष्ठा उरली नाही. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक फरक लक्षात ठेवावा. इथे पैशांची बोली नसते आणि क्लब एकमेकांना खेळाडूची किंमत पैशात देत नाहीत. देवाणघेवाण होते ती खेळाडूंची आणि ड्राफ्टमधल्या पिकांची, म्हणजे नवोदितांतून निवड करण्याच्या क्रमांकांची. शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या क्लबला पहिला पिक मिळतो.

जुन्या निष्ठेबद्दल थोडक्यात. 1915 पासून मेलबर्नचे भाग क्लबांत वाटलेले होते. मुलगा ज्या भागात राहतो तो त्याचा क्लब. पुढे दुसरीकडे जायचे तर क्लिअरन्स लागे, सरळ मराठीत ना हरकत दाखला, आणि तो देणे न देणे जुन्या क्लबच्या हाती. एकाच जर्सीत पंधरा वर्षे काढलेल्या खेळाडूंबद्दल आपण आदराने बोलतो, तो आदर खरा आहे. पण दाराला बाहेरून कडी होती, हेही त्याबरोबर सांगायला हवे.

ही कडी लीगने स्वतःहून एकदाच काढली. 1972 मध्ये नियम आला की एका क्लबकडे दहा वर्षे काढलेला खेळाडू दाखल्याशिवाय कुठेही जाऊ शकेल. त्या मोसमात एकच सामना जिंकून तळाला राहिलेल्या नॉर्थ मेलबर्नने एसेंडन, जिलाँग आणि साउथ मेलबर्नकडून एकेक अनुभवी खेळाडू उचलला. बाकीच्या क्लबांनी ओरड केली आणि 1973 मध्येच नियम रद्द झाला. नॉर्थने 1975 मध्ये आपले पहिले विजेतेपद मिळवले. पुढचा धक्का न्यायालयाने दिला. 1982 मध्ये साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलला. त्याच्या एका तरुण खेळाडूला सेंट किल्डाकडे जायचे होते, पण दाखला मिळेना. 1983 मध्ये व्हिक्टोरिया या मेलबर्नच्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दाखल्याचे नियम व्यवसाय-स्वातंत्र्यावरचे गैरवाजवी बंधन ठरवले. जुनी कडी कायद्याने निकामी झाल्यावर लीगने नवी घडवली. 1986 अखेर पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट झाला आणि 1987 पासून क्लबमागे साडेबारा लाख डॉलरची पगारमर्यादा आली.

ड्राफ्टच्या काळातही करार संपलेला खेळाडू मोकळा नव्हता. दोन क्लबांचा सौदा जमला नाही, तर ड्राफ्टमध्ये नाव घालून हवा तो क्लब आपल्याला उचलेल याची वाट पाहायची, एवढाच मार्ग. 2009 मध्ये सेंट किल्डाचा मधल्या फळीतला एक खेळाडू असाच कॉलिंगवूडकडे गेला. सौदा फिसकटल्यामुळे सेंट किल्डाच्या हाती काहीच आले नाही. पुढच्याच वर्षी अंतिम सामना बरोबरीत सुटला, पुन्हा खेळवला गेला आणि कॉलिंगवूडने हरवले ते सेंट किल्डालाच.

2012 च्या मोसमाअखेर फ्री एजन्सी आली, म्हणजे ठरावीक वर्षे झालेल्या खेळाडूला करार संपल्यावर स्वतः क्लब निवडण्याची मुभा. इथपासून गुंता वाढतो, म्हणून नियम नीट पाहू. आठ वर्षे सेवा झालेला आणि क्लबमधल्या पगाराच्या वरच्या पंचवीस टक्क्यांत असलेला खेळाडू 'रिस्ट्रिक्टेड'. त्याला आलेल्या देकाराची जुना क्लब बरोबरी करू शकतो. दहा वर्षे झालेला, किंवा आठ वर्षे होऊनही त्या पंचवीस टक्क्यांत नसलेला, 'अनरिस्ट्रिक्टेड'. तो उठून चालू लागतो. वर्षे मोजतात ती क्लबच्या यादीवरची, सामने कितीही खेळलेले असोत. खेळाडू मोकळा करायचा, तर क्लबांना काही द्यावे लागणार होते. ते म्हणजे भरपाईचा पिक.

खेळाडू गमावलेल्या क्लबला लीग एक जादा पिक देते. नव्या करारातला पगार, मुदत आणि खेळाडूचे वय यांवरून पाचपैकी एक पायरी ठरते. वरच्या पायरीला क्लबच्या स्वतःच्या पहिल्या पिकाच्या लगेच नंतरचा क्रमांक मिळतो, त्याखालोखाल पहिल्या फेरीच्या अखेरचा (फेरी म्हणजे प्रत्येक क्लबची एकेक निवड). पुढच्या पायऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या. हिशेब निव्वळ तुटीचा असतो. त्याच वर्षीच्या अदलाबदलीच्या मुदतीत क्लबने स्वतः फ्री एजंट घेतला तर भरपाई घटते किंवा बुडते. म्हणून अनेक क्लब मोठा खेळाडू जाताना दिसला की दुसरा फ्री एजंट घ्यायचे टाळतात, किंवा त्याला एखादा किरकोळ पिक देऊन ट्रेडमधून आणतात.

दोष पहिल्या पायरीच्या व्याख्येतच आहे. क्रमांक गेलेल्या खेळाडूच्या तोलावर ठरत नाही, क्लब तक्त्यात कुठे संपला यावर ठरतो. 2013 मध्ये हॉथॉर्नच्या आघाडीच्या गोलवीराला सिडनीने नऊ वर्षे आणि एक कोटी डॉलरचा करार दिला. बरोबरी करायची तर नऊ वर्षांचे ओझे हॉथॉर्नला आपल्या पगारमर्यादेत ओढावे लागले असते, म्हणून त्यांनी सोडला. हॉथॉर्न त्या वर्षीचे विजेते, म्हणजे पहिल्या फेरीत त्यांचा पिक शेवटचा, त्यामुळे भरपाई एकोणिसावा पिक. पुढच्या वर्षी मेलबर्न क्लबचा एक बचावपटू त्याच हॉथॉर्नकडे गेला. मेलबर्न अठरापैकी सतराव्या क्रमांकावर होते, म्हणून त्यांना तिसरा पिक मिळाला. पिढीतल्या सर्वोत्तम गोलवीराचे एकोणीस आणि चांगल्या बचावपटूचे तीन, एकाच नियमाने.

या तीनची किंमत कोणी मोजली? हॉथॉर्नने नाही. 2014 आणि 2015 ही दोन्ही विजेतेपदे त्यांचीच. मोजली ती सोळाव्या क्रमांकावरच्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीने. त्यांचा तिसरा पिक चौथा झाला आणि मागची सगळी रांग एकेक पाऊल मागे सरकली. घेणारा फुकट घेतो, देणाऱ्याला वरून मिळते आणि सौद्यात नसलेले क्लब भरतात. मेलबर्नने दुसऱ्या आणि तिसऱ्या पिकावर घेतलेले दोघेही 2021 च्या विजेत्या संघात होते. 2023 मध्ये नॉर्थ मेलबर्नचा बचावपटू एसेंडनकडे गेला, नॉर्थला पुन्हा तिसरा पिक आणि एका पावलाने मागे हॉथॉर्न. तळच्या क्लबला आधार हवाच, पण तो कोणाच्या खिशातून द्यायचा हे या नियमाने चुकीचे ठरवले आहे.

बरोबरीचा हक्क कागदावर खेळाडू राखण्यासाठी आहे. प्रत्यक्षात तो सौद्याचा दाब म्हणून वापरला जातो. बरोबरी झाली तर खेळाडूपुढे तीन वाटा उरतात : राहणे, ट्रेड किंवा ड्राफ्ट. 2015 मध्ये ॲडलेडने या धाकावर आपल्या मधल्या फळीतल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी जिलाँगकडून नववा व अठ्ठाविसावा पिक आणि एक तरुण खेळाडू वसूल केला. 2020 मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनीने आपल्या आघाडीवीरासाठी त्याच जिलाँगला पहिल्या फेरीचे तीन पिक द्यायला लावले, बदल्यात दुसऱ्या फेरीचे दोन परत दिले. इथे किंमत घेणाऱ्याने मोजली. तेच योग्य.

करार लांबले तसे क्लबही बदलले. आज कमी आणि पुढच्या वर्षांत जास्त अशी पगाराची मांडणी केली की आजचा संघ मर्यादेत बसतो. मग एका वर्षी सगळी बिले एकत्र येतात. 2020 अखेर कॉलिंगवूडचे तेच झाले. अनेक वर्षांचा करार बाकी असलेला मधल्या फळीतला खेळाडू त्यांनी वेस्टर्न बुलडॉग्जकडे धाडला आणि त्याच्या पगाराचा हिस्सा पुढेही स्वतः भरत राहिले. त्याला राहायचे होते. निष्ठेचा हिशेब खेळाडूंकडून मागणाऱ्यांनी हे प्रकरणही त्याच वहीत लिहावे.

निष्ठेची एक वाट मात्र संघनिवडीतून जाते. वडिलांनी क्लबसाठी शंभर सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबचा अग्रहक्क. ही प्रथा 1949 पासूनची. पूर्वी मुलगा स्वस्तात मिळे. 2007 पासून दुसऱ्या क्लबच्या बोलीची, म्हणजे त्या मुलासाठी तो क्लब खर्चायला तयार असलेल्या पिकाची, बरोबरी करावी लागते, 2015 पासून ती गुणांत, प्रत्येक पिकाला ठरलेले गुण देऊन, पहिला पिक 3000 गुणांचा धरून. सत्त्याण्णव सामन्यांवर खेळाडूला वगळले आणि तो क्लब सोडून गेला, तर वीस वर्षांनी त्याच्या मुलावर काही हक्क राहत नाही.

सध्याचा वाद संमतीचा आहे. करार चालू असो वा नसो, खेळाडूच्या होकाराशिवाय त्याचा ट्रेड होत नाही. लांब करार घेऊन मध्येच घरच्या राज्यात जायचे म्हणणाऱ्यांमुळे क्लबांना हा नकाराधिकार कमी हवा आहे. खेळाडूंच्या बाजूचे उत्तर असे की मग मोकळे होण्याची आठ वर्षांची अटही कमी करा, कारण अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये कोणत्या शहरात जायचे हे त्यांना कोणी विचारलेले नसते.