लॅपटॉपवरच्या मेंदूत पेशी किती हव्यात?

सांगलीत विश्रामबागेतल्या एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर परवा १,२५० चेतापेशींचं जाळं चालू होतं. नेस्ट हे चेतापेशींची जाळी संगणकावर चालवणारं मोफत सॉफ्टवेअर. १,००० पेशी उत्तेजक (इतरांना चेतवणाऱ्या), २५० शमक (इतरांना शांत करणाऱ्या), म्हणजे कॉर्टेक्समध्ये, मेंदूच्या बाहेरच्या थरात, साधारण असतं तेच चारास एक प्रमाण. पडद्यावर प्रत्येक पेशीची एक आडवी ओळ, आणि पेशीनं स्पंद, म्हणजे विजेचा छोटा ठोका, सोडला की त्या ओळीवर ठिपका. ठिपके विखुरलेले दिसायला हवे होते, पण ते उभ्या पट्ट्यांत गोळा होत होते, म्हणजे पुष्कळ पेशी एकाच वेळी स्पंद सोडत होत्या. “सर, प्रोग्रॅम चुकलाय का?” प्रोग्रॅम बरोबर होता, जाळंच फार लहान होतं.

दृष्टीच्या कॉर्टेक्समधल्या एकेका पेशीला हजारो जोडण्यांतून संदेश येतात. टोबियास पोट्यान्स आणि मार्कुस डीझमान या संशोधकांनी २०१४ मध्ये कॉर्टेक्सच्या फक्त १ चौरस मिलिमीटरचं मॉडेल प्रसिद्ध केलं, तर त्यातच सुमारे ८० हजार पेशी आणि ३० कोटी जोडण्या निघाल्या. एवढं झेपत नाही, म्हणून पुष्कळ जण जाळं दहापट लहान करतात, म्हणजे पेशी आणि प्रत्येकीच्या जोडण्या दोन्ही. तिथेच घोळ सुरू होतो.

जोडण्या घटल्या की पेशी थंड पडतील असं वाटतं ना? अनेकदा उलटंच होतं. अशा जाळ्यात शमक पेशींचा जोर जास्त असेल, तर जोडण्यांबरोबर लगामही सुटतो आणि स्पंदांचा दर वाढतो. हे सावरता येतं: उरलेली प्रत्येक जोडणी दहाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे ३.२ पट बळकट करायची आणि पेशीला मिळणाऱ्या सरासरी संदेशातला फरक बाहेरून स्थिर प्रवाह देऊन भरून काढायचा. स्पंदांचा दर आणि पेशीला मिळणाऱ्या संदेशांतले चढउतार जवळजवळ पूर्ववत होतात.

पेशींचा एकमेकींशी असलेला मेळ, म्हणजे त्या किती एकदम स्पंद सोडतात ते, मात्र पूर्ववत होत नाही. हळदीच्या सौद्याला मोठी गर्दी असली की दोन टोकांच्या दोघांच्या कानावर वेगवेगळ्या माणसांचे आवाज पडतात. दहाच जण उरले तर दोघंही त्याच दहांचं ऐकतात. लहान जाळ्यातल्या पेशींचंही तसंच, त्यांचे संदेश देणारे सामाईक होतात. ढोबळमानानं, जाळं दहापट लहान केलं की हा मेळ दहापट वाढतो. साशा फान अल्बाडा, मोरिट्झ हेलियास आणि डीझमान यांनी २०१५ मध्ये गणितानं दाखवलं, की दर आणि मेळ दोन्ही राखून जाळं हवं तितकं लहान करता येत नाही.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ईईजीसारखे (डोक्यावरून टिपलेले मेंदूतल्या विजेचे) संकेत असंख्य पेशींच्या बेरजेतून येतात, आणि त्या बेरजेत मेळाचाच वाटा मोठा असतो. म्हणून छोट्या मॉडेलमध्ये दिसलेली लय मेंदूची की आकाराची, हे आधी तपासायला हवं. पेशी दुप्पट करून मेळ निम्म्यावर येतो का, ते पाहायचं. १ चौरस मिलिमीटरपुरती तर काटछाटीची गरजच उरलेली नाही: ते ८० हजार पेशींचं अख्खं मॉडेल २०१८ मध्ये एकाच जीपीयू कार्डावर (संगणकातल्या ग्राफिक्स कार्डावर) चालवून झालंय.