गुडघ्यावरच्या हातोडीमागचा इतिहास

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने हलकेच टकटक करतात आणि पाय आपोआप पुढे उडतो. तो उडवायचा की नाही, हे आपल्याला कोणी विचारत नाही. मग तो उडवतो कोण? या साध्या प्रश्नाचं उत्तर नक्की व्हायला जवळपास तीनशे वर्षं लागली.

सुरुवात सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपासून करावी लागते. त्याच्या मृत्यूनंतर, 1662 मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय गेलेल्या मुलाचं वर्णन आहे. पायातून निघालेला धागा मेंदूतलं एक छिद्र उघडतो आणि तिथून सूक्ष्म द्रव मज्जातंतूंच्या नळ्यांतून स्नायूंकडे धावतो, अशी त्याची कल्पना. शरीराची हालचाल यंत्रासारखी समजावून सांगता येते, हा विचार धाडसी होता. पण त्याचा रस्ता मेंदूतूनच जात होता.

तो रस्ता बेडकांनी बदलला. डोकं उडवलेल्या बेडकाच्या पायाला चिमटा काढला तरी तो पाय आखडून घेतो. मेरुरज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जांचा दोर, नष्ट केला की मात्र काहीच हलत नाही. स्कॉटिश वैद्य रॉबर्ट व्हाइट याने 1751 मध्ये आणखी पुढचं दाखवलं: त्यासाठी अख्खा मेरुरज्जू लागत नाही, त्याचा एक तुकडाही पुरतो. म्हणजे निदान काही हालचालींचा हुकूम मेंदूपर्यंत न जाताच सुटतो.

खरी कोंडी फुटली ती 1822 मध्ये, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला हाच सर्वांत मोलाचा टप्पा. मेरुरज्जूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 31 जोड्यांपैकी प्रत्येकाला पुढचं आणि मागचं अशी दोन मुळं असतात. चार्ल्स बेल याने 1811 मध्ये पुढच्या मुळाला धक्का दिला की स्नायू आकसतो, हे नोंदवलं होतं; मागच्या मुळाचं काम मात्र त्याला उलगडलं नव्हतं. फ्रान्सच्या फ्रांस्वा माझँदीने कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. मागची मुळं कापली तर संवेदना जाते, पुढची कापली तर हालचाल. बातमी मागून आत येते आणि हुकूम पुढून बाहेर जातो! भूल माहीत नसलेल्या त्या काळात त्या पिल्लांनी काय सोसलं, हे विसरून हा शोध सांगणं मला जमत नाही.

संदेश किती वेगाने जातो, हे मोजताच येणार नाही असं योहानेस म्युलरसारख्या मातब्बर शरीरशास्त्रज्ञाला वाटत होतं. त्याचाच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ याने 1850 मध्ये ते मोजलं. बेडकाचा मज्जातंतू त्याने स्नायूपासून जवळ आणि दूर अशा दोन ठिकाणी चेतवला आणि स्नायू आकसायला लागलेल्या वेळांतला फरक काढला. वेग आला सेकंदाला सुमारे 27 मीटर. आज आपल्याला ठाऊक आहे की सगळ्या तंतूंचा वेग सारखा नसतो. जाड आवरण असलेले तंतू सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास पोचतात, तर रेंगाळणारी, जळजळती वेदना वाहणारे बिनआवरणाचे बारीक तंतू एक-दोन मीटरवरच अडतात. म्हणूनच चटका बसल्यावर हात आधी मागे येतो आणि ती आग नंतर जाणवते.

हातोडीचा वाद मात्र शिल्लकच होता. 1875 मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी गुडघ्याच्या झटक्याचं वर्णन स्वतंत्रपणे, पण एकाच नियतकालिकात केलं. एर्ब म्हणाला, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, म्हणजे बातमी मेरुरज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम परत येतो. वेस्टफालला वाटलं, ताणलेला स्नायू स्वतःच आकसतोय. पाय इतक्या चटकन उडतो की तेवढ्यात संदेश मेरुरज्जूपर्यंत जाऊन परत येईल, यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता.

इंग्लंडमध्ये शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञाने पुढची काही दशकं हाच गुंता सोडवला. दोन चेतापेशींच्या, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशींच्या, भेटीच्या जागेला 1897 मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव मिळालं, ते त्याच्याकडूनच. मांडीचा पुढचा स्नायू आकसताना मागच्याला त्याच वेळी ढिलं सोडण्याचा हुकूम जातो, हेही त्याने दाखवलं. नाहीतर दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत राहिले असते आणि पाय हललाच नसता.

शेवटचा दुवा 1943 मध्ये डेव्हिड लॉइडने जोडला. स्नायूच्या ताणाची बातमी आणणारी चेतापेशी आणि हुकूम नेणारी चेतापेशी यांच्यामध्ये तिसरी कोणी नसते. वाटेत सिनॅप्स एकच. एवढी आखूड वाट असल्यामुळेच ती लाथ इतकी चटकन येते. एर्बचं म्हणणं खरं ठरलं होतं, 68 वर्षांनी.