सुरक्षित बँक खाते

सुरक्षित बँक खाते : कर्ज थकल्यामुळे किंवा दिवाळखोरी जवळ आल्यामुळे अडचणीत सापडलेल्या व्यक्तीने, आपण जिचे काहीही देणे लागत नाही अशा बँकेत, पगार व सरकारी भत्ते जमा होण्यासाठी आणि घरभाडे, वीज, अन्न यांसारखे रोजचे खर्च भागवण्यासाठी उघडलेले खाते. ही संज्ञा ब्रिटनमधील कर्जसल्ला संस्थांच्या व्यवहारात रुळलेली आहे. तिथल्या कायद्यात या नावाचा खात्याचा प्रकार नाही आणि कोणतीही बँक या नावाने खाते देत नाही. अशा खात्याची सुरक्षितता त्याच्या प्रकारावर अवलंबून नसते. खातेदार त्या बँकेचा ऋणको नसणे एवढ्यावरच ती उभी असते. त्यामुळे एका बँकेतले अगदी साधे खाते एकासाठी सुरक्षित असते, तर त्याच बँकेचे क्रेडिट कार्ड थकवून बसलेल्या दुसऱ्यासाठी ते धोक्याचे ठरते.

हा धोका दोन वाटांनी येतो आणि त्या दोहोंत फरक करणे आवश्यक आहे. पहिली वाट ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लक संपल्यावरही ठरावीक मर्यादेपर्यंत खात्यातून उचल करू देणाऱ्या सोयीची. ब्रिटनमध्ये पगाराच्या चालू खात्यालाच ओव्हरड्राफ्ट जोडलेला असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. समजा, एखाद्याचे खाते १,१५० पौंडांनी उणे आहे आणि महिनाअखेरीस त्यात १,४०० पौंड पगार जमा झाला. शिल्लक राहते ती केवळ २५० पौंड. ओव्हरड्राफ्टची मर्यादा कायम असेपर्यंत १ तारखेचे ६५० पौंड भाडे त्यातून जाते आणि खाते पुन्हा उणे होते. हे चक्र वर्षानुवर्षे चालू शकते. मात्र हप्ते चुकू लागल्याचे पाहून बँकेने ती मर्यादा काढून घेतली, की त्याच महिन्याचे भाडे पैसे अपुरे म्हणून न भरताच परत येते. बँकेने येथे काही ‘वळते’ करून घेतलेले नसते. पैसे जमा होताच जुन्या उण्यात बुडालेले असतात.

दुसरी वाट वजावटीच्या अधिकाराची. एकाच ग्राहकाची एकाच बँकेत दोन खाती असतील, एकात शिल्लक आणि दुसऱ्यात थकबाकी असेल, तर बँक ती दोन्ही एकत्र धरून शिल्लक रक्कम थकबाकीकडे वळवू शकते. दोन खाती वेगवेगळ्या शाखांत असली तरी बँकेला हा अधिकार आहे आणि त्यासाठी ग्राहकाला आधी कळवण्याची गरज नाही, असे इंग्लंडमधील न्यायालयाने गार्नेट विरुद्ध मॅकिवन या १८७२ च्या खटल्यात ठरवले. आज या अधिकाराच्या वापरावर फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या नियामक संस्थेचे नियम लागू आहेत. अडचणीतल्या ग्राहकाशी बँकेने न्याय्य वागावे आणि वजावट करताना त्याच्या निर्वाहाच्या गरजेचा विचार करावा, अशी त्यांत अपेक्षा आहे. परंतु अधिकार रद्द झालेला नाही. पैसे गेल्यानंतर तक्रार करून ते परत मिळवण्यापेक्षा ते तिथे जमाच होऊ न देणे सोपे, हा कर्जसल्लागारांचा अनुभवाचा हिशेब आहे आणि तो रास्त आहे.

बँक निवडताना पाटीवरच्या नावावर विसंबून चालत नाही. फर्स्ट डायरेक्ट हा एचएसबीसी यूके या बँकेचाच विभाग आहे. हॅलिफॅक्स हे बँक ऑफ स्कॉटलंडचे व्यापारी नाव असून ती बँक लॉइड्स समूहात मोडते. एमबीएनए ही क्रेडिट कार्ड कंपनी २०१७ पासून लॉइड्सच्या मालकीची आहे. नॅटवेस्ट व रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड एकाच समूहातल्या आहेत. आणि टेस्को या दुकानांच्या साखळीचा बँकव्यवसाय २०२४ मध्ये बार्कलेजकडे गेला. कायद्याच्या दृष्टीने वजावट त्याच बँकसंस्थेपुरती असते, सबंध समूहाला ती आपोआप लागू होत नाही. तरीही खात्याच्या अटींत काय लिहिले आहे आणि कोणते नाव कोणत्या संस्थेचे, हे सामान्य ग्राहकाला शोधत बसणे कठीण असल्यामुळे समूहच वेगळा निवडावा, असा सल्ला दिला जातो. त्यासाठी आपल्या सर्व कर्जांची, कार्डांची आणि विसरलेल्या जुन्या ओव्हरड्राफ्टांची यादी आधी करावी लागते. अडचणीतल्या माणसाला नेमकी तीच यादी करावीशी वाटत नाही.

पत बिघडलेल्या माणसाला नवे खाते देणार कोण, हा यानंतरचा प्रश्न. त्याचे उत्तर मूलभूत बँक खाते, म्हणजे तिथले बेसिक बँक अकाउंट. या खात्याला ओव्हरड्राफ्ट आणि चेकबुक नसते. डेबिट कार्ड, डायरेक्ट डेबिट (देणे घेणाऱ्या संस्थेने परवानगीने खात्यातून परस्पर रक्कम घेणे) व स्टँडिंग ऑर्डर (ठरावीक रक्कम नियमितपणे पाठवण्याची बँकेला दिलेली सूचना) या सोयी असतात. पूर्वी पैसे कमी पडून एखादे देणे परत गेले की या खात्यांनाही दंड बसत असे. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश अर्थखाते आणि ९ मोठ्या बँका यांच्यात झालेल्या करारानुसार तो बंद झाला. आर्थिक अडचणीमुळे ज्यांना स्वतःचे जुने खाते वापरता येत नाही अशांचा समावेशही या करारात स्पष्टपणे केलेला होता. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशावर आधारलेल्या पेमेंट अकाउंट्स रेग्युलेशन्स २०१५ या नियमांनी या व्यवस्थेला कायद्याचे बळ दिले आणि सप्टेंबर २०१६ पासून नेमून दिलेल्या बँकांवर असे खाते देण्याचे बंधन आले. अर्जदाराची पत वाईट आहे, एवढ्या कारणावरून या बँकांना नकार देता येत नाही. फसवणूक किंवा अवैध पैशाचा संशय हे मात्र नकाराचे वैध कारण आहे. ओळख आणि पत्ता पटवणारी कागदपत्रे द्यावी लागतात. पारपत्र नसलेल्याला भत्ता मंजूर झाल्याचे सरकारी पत्रही अनेकदा चालते. एक गोष्ट अर्जदाराने स्वतः सांभाळायची असते. काउंटरवरचा कर्मचारी किंवा बँकेचे ॲप आधी नेहमीचे चालू खाते पुढे करते आणि त्याचा अर्ज पत तपासून फेटाळला जातो. म्हणून पहिल्यापासून मूलभूत खातेच नाव घेऊन मागावे लागते.

ज्यांची दिवाळखोरी जाहीर झाली आहे, पण जे अद्याप तिच्यातून मुक्त झालेले नाहीत, अशांची स्थिती दीर्घकाळ याहून बिकट होती. इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट १९८६ च्या कलम ३०७ नुसार दिवाळखोरीच्या काळात व्यक्तीला नव्याने मिळालेल्या मालमत्तेवर विश्वस्त, म्हणजे धनकोंसाठी दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी, हक्क सांगू शकतो. खात्यातून पैसे खर्च झाल्यावर विश्वस्ताने ते आपल्याकडे मागितले तर काय, या भीतीने बहुतेक बँका अशा ग्राहकांना दारातच अडवत. २०१२ मध्ये को-ऑपरेटिव्ह बँकेने अशी नवी खाती उघडणे थांबवल्यावर मोठ्या बँकांपैकी जवळजवळ बार्कलेजच तेवढी उरली. डीरेग्युलेशन ॲक्ट २०१५ ने कलम ३०७ मध्ये दुरुस्ती केली आणि विश्वस्ताची नोटीस येण्यापूर्वी सद्भावाने केलेल्या व्यवहारांसाठी बँकेला जबाबदार धरता येणार नाही, अशी तरतूद आली. ज्या गोष्टीने हजारो लोकांचे पगार अडवून धरले होते ती एवढ्या छोट्या दुरुस्तीने सुटण्यासारखी होती, हे पाहता ती करायला इतकी वर्षे का लागली, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

खाते उघडल्यानंतरचे काम किचकट असते. ब्रिटनमध्ये २०१३ पासून खाते बदलण्याची एक सामाईक सेवा चालू आहे. तीत ७ कामकाजाच्या दिवसांत सर्व व्यवहार नव्या बँकेकडे जातात आणि जुने खाते बंद होते. कर्जबाजारी माणसासाठी ही सोय बहुधा कुचकामी असते, कारण खाते बंद करायचे तर ओव्हरड्राफ्ट फेडावा लागतो आणि नेमके तेच शक्य नसते. म्हणून सगळे हातानेच करावे लागते. प्रथम पगार देणाऱ्या कार्यालयाला आणि भत्ते देणाऱ्या सरकारी विभागाला नव्या खात्याचा क्रमांक कळवायचा. पहिली रक्कम तिथे जमा झाल्याची खात्री करायची. मग घरभाडे, कौन्सिल टॅक्स (स्थानिक घरपट्टी), वीज व गॅस यांचे डायरेक्ट डेबिट एकेक करून हलवायचे. घाईने आधी डायरेक्ट डेबिट हलवले आणि पगार मात्र जुन्याच खात्यात गेला, तर दोन्हीकडून पंचाईत होते. पगाराची यादी महिन्याच्या मध्यावरच तयार होत असेल, तर बदल पुढच्या महिन्यापासून लागू होतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

कार्डाच्या क्रमांकावर दिलेली वारंवार वसुलीची परवानगी हा वेगळाच प्रकार आहे. अल्पमुदतीची महागडी कर्जे देणाऱ्या कंपन्या डायरेक्ट डेबिटऐवजी हीच परवानगी घेतात आणि ती डायरेक्ट डेबिटच्या यादीत दिसत नाही. ती रद्द करण्यास सांगण्याचा अधिकार ग्राहकाला थेट आपल्या बँकेकडे आहे. आधी सावकार कंपनीला विचारले पाहिजे, असे नाही. २०१४ पासून अशा कंपन्यांना कर्जवसुलीचे दोनच प्रयत्न फसेपर्यंत ही परवानगी वापरता येते. नवे कार्ड हाती आल्यावर त्याचा क्रमांक अशा कोणत्याही कंपनीला न देणे हे ओघानेच आले.

पगार जुन्या खात्यात पडण्याआधी नवे खाते सुरू होणे शक्य नसेल, तर इंग्लंडमध्ये आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. आपण भरत असलेली रक्कम कोणत्या देण्यासाठी वापरायची हे सांगण्याचा पहिला अधिकार देणाऱ्याचा असतो, हे तत्त्व तिथल्या कायद्यात जुने आहे. त्याच्या आधारे ग्राहक बँकेला आगाऊ लेखी कळवू शकतो, की अमुक तारखेला जमा होणाऱ्या पगारातून घरभाड्याचे अमुक पौंड आणि विजेचे अमुक पौंड याच कामांसाठी राखून ठेवावेत. पत्रात रक्कम आणि तारीख नेमकी असावी लागते आणि दर वेळी पत्र नव्याने द्यावे लागते. हा एका महिन्याची निकड भागवणारा उपाय आहे; नव्या खात्याची जागा तो घेऊ शकत नाही.

दिवाळखोरीचा अर्ज करायचा असेल, तर क्रम फार महत्त्वाचा ठरतो. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २०१६ पासून ऋणकोचा स्वतःचा अर्ज न्यायालयाऐवजी ॲडज्युडिकेटर या अधिकाऱ्याकडे ऑनलाइन जातो. आदेश निघाल्यावर ऑफिशियल रिसीव्हर, म्हणजे दिवाळखोरीचे काम पाहणारा सरकारी अधिकारी, बँकांना कळवतो आणि खाती गोठवली जातात. संयुक्त खातेही त्यातून सुटत नाही, त्यामुळे जोडीदाराचा पगारही अडकू शकतो. आवश्यक खर्चासाठी रिसीव्हर काही रक्कम सोडू शकतो, पण त्यात दिवस जातात. नवे खातेसुद्धा या काळात तात्पुरते गोठू शकते आणि ते पुढे चालू ठेवायचे की नाही, हे ती बँक ठरवते. म्हणून दिवाळखोर ग्राहकांना ठेवणारी बँक अर्जापूर्वीच शोधणे आणि आदेशाच्या सुमारास घरखर्चापुरती रोकड हाताशी असणे, या दोन गोष्टींवर सल्लागार भर देतात. लहान कर्जांसाठी दिवाळखोरीऐवजी असलेल्या डेट रिलीफ ऑर्डर या कर्जमुक्तीच्या आदेशामध्ये, जिची कर्जमर्यादा जून २०२४ पासून ५०,००० पौंड आहे, खाती सहसा अशी गोठत नाहीत. मात्र ज्या बँकेचे कर्ज त्या आदेशात आले ती आपल्याकडचे खाते बंद करू शकते.

सुरक्षित खाते म्हणजे पैसे लपवण्याची जागा नव्हे. दिवाळखोरीच्या अर्जात प्रत्येक खात्याची नोंद करावी लागते आणि मालमत्ता दडवणे हा १९८६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. नव्या खात्यातून आधी भावाचे किंवा मित्राचे उसने फेडले, तर एका धनकोला झुकते माप दिले म्हणून विश्वस्त तो व्यवहार रद्द करण्याची मागणी न्यायालयाकडे करू शकतो. याच कायद्यातली मालमत्तेची व्याख्या जगात कुठेही असलेल्या मालमत्तेला लागू होते. त्यामुळे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाने पुण्यातला फ्लॅट, अनिवासी खाते किंवा गावच्या सहकारी बँकेतली मुदत ठेव हे सारे अर्जात सांगणे बंधनकारक आहे.

या खात्याला मर्यादाही आहेत. वजावटीपासून ते वाचवते, न्यायालयापासून नाही. निकाल हाती असलेला धनको थर्ड पार्टी डेट ऑर्डर हा न्यायालयाचा जप्ती आदेश मिळवून कोणत्याही बँकेतली शिल्लक गोठवू शकतो; हा आदेश बँकेला मिळण्याच्या क्षणी खात्यात जेवढी रक्कम असेल तेवढीच त्यात सापडते. स्कॉटलंडमध्ये अशा जप्तीतून किमान शिल्लक वगळलेली असते आणि २०२२ मध्ये ती १,००० पौंड करण्यात आली. जर्मनीने २०१० पासून याहून नेटका मार्ग स्वीकारला आहे. तिथे खातेदाराच्या मागणीवरून त्याचे चालू खातेच जप्तीपासून संरक्षित खात्यात बदलून मिळते आणि दरमहा ठरावीक रकमेला हात लावता येत नाही. इंग्लंडमध्ये असे संरक्षण कायद्याने दिलेले नाही, म्हणून तिथे माणसाला बँक बदलावी लागते.

‘तुमचे पैसे सुरक्षित खात्यात हलवा’ असे दूरध्वनीवरून सांगून लुबाडणारे भामटे ब्रिटनमध्ये फार आहेत. त्यांच्या त्या खात्याचा या नोंदीतल्या खात्याशी काहीही संबंध नाही. येथे वर्णन केलेले खाते माणूस स्वतः, स्वतःच्या नावाने उघडतो आणि स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स ॲडव्हाइस यांसारख्या संस्था त्यासाठी विनामूल्य सल्ला देतात.

भारतात ही संज्ञा प्रचलित नसली, तरी तिच्यामागचे कारण अस्तित्वात आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७१ ने बँकांना सर्वसाधारण धारणाधिकार (इंग्रजीत लीन), म्हणजे देणे फिटेपर्यंत ग्राहकाची आपल्याकडची मालमत्ता अडवून ठेवण्याचा हक्क, दिलेला आहे. कर्ज असलेल्या बँकेतच पगाराचे बचत खाते असेल, तर हप्ता थकल्यावर खात्यातली रक्कम अडवली जाण्याचा अनुभव महाराष्ट्रातल्या ग्राहकांनाही येतो. बोलीभाषेत त्याला खात्यावर ‘लीन लागला’ असे म्हणतात. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये आणलेले मूलभूत बचत ठेव खाते किमान शिलकीच्या अटीतून मुक्त आहे, पण थकबाकीदाराला आश्रय देणे हा त्याचा हेतू नाही. वैयक्तिक दिवाळखोरीसाठी मुंबईत आजही १९०९ चा इलाखा शहरांचा कायदा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक कायदा चालतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झालेला आहे.